पायी राहता येईल असे गाव

दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या घराचे पैसे भरण्याची रीत आपल्याकडे आता सोनेखरेदीइतकीच रुळली आहे. जागा शोधणारा माणूस तीन गोष्टी मागतो: घर परवडावे, रोजचे सगळे पायांच्या टप्प्यात असावे आणि शेजार मोकळ्या मनाचा असावा. तिन्ही एकत्र मिळत नाहीत, एखादी सोडावीच लागते, असे सगळेच बजावतात. आम्हाला ते पटत नाही. तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: ज्याच्याकडे वाहन नाही, असा कोणीही माणूस तिथे मानाने राहू शकेल का?

आधी पैशांचे पाहू. घर स्वस्त की महाग हे आपण चौरस फुटाच्या दरावरून ठरवतो. स्टेशनपासून दूर, हमरस्त्यालगतच्या संकुलात हा दर उतरतो खरा. पण कमावती माणसे दोन असली की दोन दुचाक्या येतात, नाहीतर मोटार येते. मग तिचा हप्ता, विमा, पेट्रोल, मुलांच्या शाळेची व्हॅन. गृहकर्ज वीस वर्षांनी फिटते, हा खर्च फिटत नाही. डोंबिवलीच्या जुन्या वस्तीत त्याच पैशांत जागा लहान मिळते, मात्र भाजी, दवाखाना, शाळा आणि लोकल चालत गाठता येतात. तिथले पदपथ अडलेले असतात, सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जी तरुण गर्दी लोटते, ती तिथेच का लोटते याचा विचार करावा. घरून चालत येता येईल असा तो रस्ता आहे. २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे साडेचार कोटी लोक कामावर पायी जात असल्याची नोंद आहे. मोटारीने जाणारे त्यांच्या पाचव्या हिश्श्याइतकेही नव्हते. आपली नवी उपनगरे मात्र या थोड्यांना समोर ठेवून आखली जातात.

चालण्याजोग्या वस्त्याच सर्वांत महाग असतात, दादर बघा, असे यावर कोणी म्हणेल. दादर जरूर बघावे. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याची जमीन ताब्यात घेतली, आधी रस्ते आणि बागा आखल्या आणि मग भूखंड भाडेपट्ट्याने दिले. नोकरदार मध्यमवर्ग तिथे भाड्याच्या घरांतून राहू लागला. आज तिथल्या किमती आभाळाला भिडल्या आहेत, कारण तसे दुसरे दादर आपण फारसे घडवलेच नाही. आता इमारत आधी उभी राहते, रस्ता मागाहून येतो आणि पदपथ बहुधा येतच नाही. संकुलाच्या आत फिरायला सुंदर वाट असते, असेही सांगितले जाते. ती वाट व्यायामाची आहे. दूध, औषध किंवा बस तिच्या टोकाशी नसते. आणि त्या घरांत कामाला येणाऱ्या बाईला फाटकापर्यंत गाड्यांच्या कडेकडेनेच यावे लागते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. पुण्याच्या पेठा पूर्णपणे चालण्याजोग्या होत्या. तरी १८४८ नंतर शाळेत चालत जाणाऱ्या सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकला गेला तो त्याच रस्त्यांवर. म्हणजे पायवाटेने मने आपोआप उघडत नाहीत, हे कबूल करायलाच हवे. मात्र ती शाळा भर वस्तीत, भिडे वाड्यात होती, म्हणूनच मुली तिच्यापर्यंत चालत पोहोचू शकल्या. शाळा गावाबाहेर असती तर ती मोडायला विरोधकांचीही गरज पडली नसती. चालता येणे पुरेसे नसेल, पण त्याच्यावाचून पुढचे काही घडत नाही.

म्हणून आमच्या प्रश्नातला ‘कोणीही’ हा शब्द सोडून चालणार नाही. १९१७ साली परदेशातून उच्चशिक्षण घेऊन नोकरीसाठी बडोद्याला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी सराईतूनही त्यांना बाहेर पडावे लागले. पुढे त्यांनी ‘राजगृह’ हे आपले घर बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. जागा नाकारण्याची ही गोष्ट इतिहासजमा झाली असे मानण्याचे कारण नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरवला. तेव्हा शहर पुरोगामी आहे की नाही, हे तिथल्या व्याख्यानमालांवरून ठरवू नये. सदनिका पाहायला जाल तेव्हा संध्याकाळच्या गर्दीत स्टेशनपासून तिथवर चालत जा, जमल्यास घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन. मग सोसायटीच्या कार्यालयात विचारा: एकट्या राहणाऱ्या मुलीला, मुस्लिम कुटुंबाला, दलित विद्यार्थ्याला इथे भाड्याने जागा मिळते का? उत्तर द्यायचे टाळले गेले, तर दर कितीही कमी असो आणि स्टेशन पाच मिनिटांवर असो, ते घर घ्या असे आम्ही म्हणणार नाही.