गंधक : एक नाव, अनेक द्रव्ये

रसशास्त्राच्या ग्रंथांत आठ उपरसांची गणना करताना पहिले नाव गंधकाचे येते. पारदाच्या खालोखाल ज्याच्यावाचून आपली रसशाळा चालणार नाही, असे द्रव्य हेच. कज्जली, पर्पटी, रससिंदूर, आरोग्यवर्धिनी, सूतशेखर, गंधक रसायन ही नावे आपण दिवसातून कितीदा तरी लिहितो. परंतु ज्या शब्दावर ही सारी उभारणी आहे, त्या ‘गंधक’ शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात एकच असतो काय? हा प्रश्न आम्हांस आमच्याच एका चुकीमुळे पडला. म्हणून ती चूक प्रथम सांगतो.

भोसरीतील एका लहान रबर कारखान्यात काम करणारा तरुण खरजेसाठी आमच्याकडे आला होता. आम्ही त्यास पोटात घेण्यासाठी गंधक रसायनाच्या वट्या दिल्या आणि बाहेरून लावण्यासाठी चिठ्ठीवर ‘गंधक, करंज तेलातून’ एवढेच लिहिले. चार दिवसांनी तो परत आला तेव्हा दोन्ही हातांची त्वचा लाल होऊन बोटांच्या बेचक्यांत फोड आले होते. गंधक कोठून घेतला, असे विचारता तो सहज म्हणाला, “डॉक्टरसाहेब, गंधक तर आमच्याकडे पोत्यांनी असतो. विकत कशाला घेऊ?” ज्या जागी रबरात निरनिराळी रसायने मिसळली जातात, तेथील पिवळी भुकटी त्याने कागदात बांधून आणली होती. तिच्यात गंधकाबरोबर रबर लवकर पक्के करणारी इतर रसायनेही होती, आणि अशा रसायनांनी त्वचेस दाह होतो हे सर्वश्रुत आहे. त्याची त्वचा पूर्ववत होण्यास तीन आठवडे लागले. त्याने चिठ्ठीत लिहिले होते तेच केले होते. अपुरे लिहिले होते ते आम्ही.

आपल्या पूर्वाचार्यांनी हा शब्द इतका मोकळा सोडला नव्हता. गंधकाची नावे पाहिली म्हणजे हे ध्यानी येते. गंधपाषाण व गंधाश्म ही नावे त्याचे स्वरूप व वास सांगतात. पामारि, कुष्ठारि ही नावे त्याचे कार्य सांगतात. शुल्वारि हे नाव ताम्राशी असलेले त्याचे वैर सांगते, आणि ताम्रभस्म करणाऱ्यास ते वैर रोज उपयोगी पडते. चरकसंहितेच्या कुष्ठचिकित्सेत येणारे लेलीतक म्हणजे गंधकच, असे टीकाकारांनी मानले आहे. क्षीरसागराच्या तीरी क्रीडा करणाऱ्या गौरीच्या रजापासून गंधक उत्पन्न झाला आणि समुद्रमंथनाच्या वेळी त्याच्या गंधाने देव प्रसन्न झाले, ही कथा आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचली आहे. बलिवसा या नावामागे दुसरी कथा आहे. बळीराजाने बलासाठी गंधक सेवन केला होता. मंथनाच्या वेळी वासुकीच्या मुखज्वालेने त्याची वसा वितळली व तिलाही गंधकाचा वास आला. इंग्रजी भाषेत गंधकाचे जुने नाव ‘ब्रिमस्टोन’ असे आहे. त्याचा अर्थ जळणारा दगड, आणि ख्रिस्ती परंपरेत त्याचा संबंध नरकाच्या अग्नीशी जोडला गेला. तिकडे जो वास पापाच्या शिक्षेचा, तोच इकडे देवांना प्रिय झाला.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे अवश्य वाटते. ‘शुल्वारि’ या संस्कृत शब्दावरूनच ‘सल्फर’ शब्द निघाला, असे आपल्या सभासंमेलनांतून मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य नाही. तो शब्द लॅटिनमधून आला आहे. आपल्या शास्त्राचे मोठेपण अशा आधारावर अवलंबून नाही, तेव्हा हा दावा आपण सोडून द्यावा हे बरे.

खरे मोठेपण आहे ते भेद करण्यात. ग्रंथकारांनी वर्णावरून गंधकाचे चार प्रकार सांगितले. रक्त तो शुकतुंड, धातुवादासाठी. पीत तो शुकपिच्छ म्हणजे आमलसार, रसरसायनासाठी. श्वेत तो खटिका, लेपासाठी. कृष्ण तो दुर्लभ. यात पोटात घेण्याचा कोणता व अंगास लावण्याचा कोणता हे नावातच ठरवून टाकले आहे. पुढे ग्राह्य व अग्राह्य, शुद्ध व अशुद्ध असे आणखी भेद केले. अशुद्ध गंधक ताप, भ्रम, पित्तविकार व कुष्ठ उत्पन्न करतो आणि रूप, बल, वीर्य यांचा नाश करतो, असा स्पष्ट इशारा दिला. जो कुष्ठाचा अरि तोच अशुद्ध असता कुष्ठ करतो, हे वचन आम्ही पाठ केले होते. त्या तरुणाचे हात पाहिले तेव्हा त्याचे गांभीर्य कळले.

आमचा हा पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा तर गंधकाच्या अनेक अर्थांचे प्रदर्शनच आहे. चाकणच्या संग्रामदुर्गास १६६० साली शाहिस्तेखानाचा वेढा पडला. फिरंगोजी नरसाळे यांनी जवळजवळ दोन महिने तो भुईकोट लढवला. अखेर मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग लावला व बुरूज उडाला. त्या दारूत सोरा व कोळसा यांच्यासह गंधक होताच. दिवाळीच्या शोभेच्या दारूतही तोच असे. उत्तरेस जुन्नर-नारायणगावकडे गेल्यास द्राक्षबागाईतदार भुरी रोगावर गंधक धुरळतो. तासगावकडे बेदाण्यास गंधकाची धुरी देतात, आणि साखर कारखान्यात उसाच्या रसाचा रंग काढण्यासाठी गंधक जाळतात. वज्रेश्वरीच्या आणि उन्हवऱ्याच्या गरम कुंडांत त्वचारोगी स्नान करतात ते ‘पाण्यात गंधक आहे’ या श्रद्धेने.

कारखानदारीतील गंधक याहून वेगळा. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबर व गंधक एकत्र तापवून टिकाऊ रबर मिळवले. आज चाकणमधून बाहेर पडणारे प्रत्येक वाहन त्या गंधकावर धावते. पुणे-नाशिक रस्त्यावरील पंक्चरवाल्याच्या ‘व्हल्कनायझिंग’ पाटीमागेही हीच क्रिया आहे. बॅटरीत गंधकाम्ल असते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली व पुढील वर्षापासून पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्या पेनिसिलीनच्या मूळ रचनेतही गंधकाचा एक अणू असतो. म्हणजे या नगरीत आपल्या आणि आधुनिक अशा दोन्ही चिकित्सांत गंधक आहे, पण त्यांतील एक गंधक दुसऱ्याच्या जागी वापरता येत नाही.

आता कच्च्या मालाकडे वळू. आज जगातील बहुतेक गंधक खाणीतून येत नाही. खनिज तेल व नैसर्गिक वायू यांतून तो काढला जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानुसार इंधनातील गंधक दशलक्ष भागांत १० भागांपर्यंत खाली आणावा लागला. त्यापूर्वीच्या मानकात ती मर्यादा ५० होती. इंधनातून काढलेला हा गंधक शुद्धीकरण कारखान्यातून बाजारात येतो, आणि आपल्या औषधालयात आमलसार म्हणून येणारा पिवळा खडा बहुधा याच वाटेने आलेला असतो.

यामुळे एक नवा युक्तिवाद ऐकू येऊ लागला आहे. काही औषधनिर्माते म्हणतात, “हा गंधक ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध असल्याचे प्रमाणपत्र आहे. मग दूध-तूप खर्चून शोधन कशासाठी?” आमच्या मते येथे ‘शुद्ध’ या शब्दाचीच गफलत होते. रसायनशास्त्रज्ञाचा शुद्ध म्हणजे ज्यात दुसरे द्रव्य मिसळलेले नाही तो. वैद्याचा शुद्ध म्हणजे ज्यावर संस्कार झाला आहे आणि जो शरीरास सात्म्य होण्यायोग्य झाला आहे तो. ग्रंथकारांनी गंधकाचे शिलाचूर्ण व विष असे दोन दोष सांगितले. तेलातून निघालेल्या गंधकात शिलाचूर्ण नसेल हे आम्ही मान्य करतो. म्हणून दुसऱ्या दोषाची जबाबदारी टळते, हे मात्र मान्य नाही. प्रमाणपत्र पहिल्या अर्थाचे असते आणि लेबलवर ‘शुद्ध गंधक’ हे दुसऱ्या अर्थाने छापले जाते. शोधन न करता तसे छापणे ही वैद्याची व रुग्णाची फसवणूक होय. याउलट, शोधन केले म्हणून परीक्षण नको असेही कोणी समजू नये. दोन्ही अर्थांनी शुद्ध असा गंधकच रुग्णाच्या पोटात जावा.

शोधनातही नावापुरते काम चालणार नाही. घृतात वितळवून वस्त्रातून दुधात गाळणे, ही क्रिया दिसण्यास सोपी आहे. गंधक सुमारे ११५ ते १२० अंश सेल्सिअसला वितळून पातळ, पिवळा होतो. अग्नी वाढून उष्णता १६० अंशांच्या आसपास गेली की तो तांबूस, दाट व चिकट होतो आणि वस्त्रातून गळत नाही. त्याहून पुढे गेल्यास पेट घेण्याचा धोका असतो. ग्रंथांत मंदाग्नी का सांगितला याचे उत्तर येथे मिळते. शोधनानंतर उष्ण जलाने घृतांश नीट धुतला नाही, तर साठवणीत तो खवट होतो. मोठ्या कढईत एकदम अनेक किलो माल काढणाऱ्या औषधालयांनी येथे विशेष लक्ष द्यावे.

दुसरा गोंधळ उलट दिशेने येतो. कारखान्यांत ठराविक कालाने तपासण्या होतात, कामगारांच्या कार्डावर नोंदी असतात. ‘सल्फाची ॲलर्जी’ अशी नोंद असलेला रुग्ण गंधक रसायनाच्या डबीवर ‘सल्फर’ शब्द वाचून औषध टाकून देतो. क्वचित आपले वैद्यबंधूही अशा रुग्णास गंधककल्प देण्यास घाबरतात. वस्तुतः सल्फा हा सल्फोनामाइड औषधांचा वर्ग आहे. त्याची ॲलर्जी ही गंधकाची ॲलर्जी नव्हे. गंधक तर आपल्या केसांत, नखांत, शरीरातील प्रथिनांतही आहे. सल्फा, सल्फेट, सल्फाइट आणि सल्फर या चार शब्दांतील भेद रुग्णास दोन वाक्यांत समजावून सांगणे हे वैद्याचेच काम आहे. तथापि रुग्णाने सांगितलेली ॲलर्जी झटकून टाकू नये. कोणत्या औषधाने, काय व किती वेळात झाले, हे विचारून लिहून ठेवावे.

यावरून आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली सूचना वैद्यबंधूंसाठी. चिठ्ठीवर नुसते ‘गंधक’ असे कधीही लिहू नये. ‘शुद्ध आमलसार गंधक’, आभ्यंतर की बाह्य, मात्रा व अनुपान असे पूर्ण लिहावे आणि रुग्णास तोंडी सांगावे की तो औषधालयातूनच घ्यावयाचा आहे. रुग्ण कोणत्या कारखान्यात, कोणत्या विभागात काम करतो हे विचारणे आमच्या भागात तरी निदानाचाच भाग समजला पाहिजे.

दुसरी सूचना औषधालयांच्या मालकांसाठी. कच्चा गंधक व शोधित गंधक वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत ठेवावेत. कच्च्या मालावर ‘शोधनासाठी, सेवनास अयोग्य’ असे मराठीत ठळक लिहावे. शोधित गंधकाच्या वेष्टनावर शोधनद्रव्य, आवर्तने व दिनांक द्यावा. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया’च्या पहिल्या भागापासून शोधनास अधिकृत आधार आहे, आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या अनुसूची टी अन्वये निर्मितीच्या नोंदी ठेवणे आपणांस बंधनकारक आहेच. जी नोंद वहीत आहे ती वेष्टनावर आणण्यास फारसा खर्च येत नाही.

गर्दीच्या वेळी इतके लिहिणे शक्य आहे काय, असा आक्षेप येईल. आम्ही त्यासाठी शिक्का करून घेतला आहे. तो रबराचाच आहे, म्हणजे त्यातही कारखान्याचा गंधक आहे.

तो तरुण बरा होऊन पुन्हा कामावर गेला. मागील महिन्यात तो आपल्या एका सहकाऱ्यास घेऊन आला. सहकाऱ्यासही खरूज होती. आम्ही चिठ्ठी लिहू लागताच त्यानेच मित्राला बजावले, “आपल्या पोत्यातला नाही बरं का. डॉक्टरसाहेबांचा गंधक वेगळा असतो.” पूर्वाचार्यांनी चार प्रकार व दोन दोष सांगून जे शिकवले, ते त्याला स्वतःच्या हातावर शिकावे लागले. पुढच्या रुग्णाला तसे शिकावे लागू नये, ही जबाबदारी चिठ्ठी लिहिणाऱ्याची आणि पुडी बांधणाऱ्याची आहे.