एकेक प्रसंग, नेहमीच्या तासिकेत

फ्रेंचच्या वर्गात जुना चित्रपट बहुधा सत्र संपता संपता येतो. पोर्शन झालेला असतो, परीक्षा उरकलेली असते. मग इंग्रजी सबटायटलसकट अख्खा चित्रपट लावला जातो. विद्यार्थ्यांच्या लक्षात कथा राहते, पण ती त्यांनी इंग्रजीत वाचलेली असते. आमच्या मते या चित्रपटांची जागा सत्राच्या मध्यावर, नेहमीच्या तासिकेत आहे आणि ते एकेका प्रसंगाने शिकवायला हवेत.

फ्रांस्वा त्रुफो यांच्या ‘ले कात्र सां कू’ (१९५९) या चित्रपटात आंत्वान द्वानेल वर्गाच्या भिंतीवर लिहितो, तेव्हा त्याला शिक्षा होते ती व्याकरणाची: आपल्या अपराधाचे वाक्य निरनिराळ्या काळांत आणि अर्थांत चालवून आणायचे. हाच मुलगा पुढे सुधारगृहात मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रश्नांना उत्तरे देतो. बाई पडद्यावर दिसतच नाहीत, त्यांचा फक्त आवाज येतो. आणि ज्यां-प्येर लेओ या बालनटाने उत्तरे स्वतःच्या शब्दांत दिली आहेत. वाक्ये अडखळतात, मध्येच वळतात. नकाराचे ‘न’ आणि ‘पा’ हे दोन्ही भाग घोकलेल्या विद्यार्थ्याला पहिला भाग ऐकू येत नाही, कारण बोलताना तो गळून पडतो. व्याकरणाची फ्रेंच आणि तोंडची फ्रेंच यांतले अंतर एकाच चित्रपटात, एकाच मुलाच्या वाट्याला आलेले आहे. पाठ्यपुस्तकासाठी सावकाश वाचून ध्वनिमुद्रित केलेले संवाद हे अंतर कधीच दाखवू शकणार नाहीत.

ज्यां रनुआर यांच्या ‘ला ग्रांद इल्युझियों’मध्ये (१९३७) तर भाषा हाच कथेचा गाभा आहे. युद्धकैदी मारेशाल भुयाराची बातमी इंग्रज कैद्याला सांगू पाहतो आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नसल्याने ती वाया जाते. फ्रेंच आणि जर्मन सरदार मात्र मधूनच इंग्रजीत बोलतात. शत्रू असूनही त्यांचा वर्ग एक आहे. अठरा महिने एकत्र काढूनही यांतला फ्रेंच सरदार ब्वाल्दियो आपल्याला जवळिकीचे ‘त्यू’ न म्हणता आदरार्थी ‘व्हू’च म्हणतो, याची मारेशालला खंत आहे, आणि ब्वाल्दियोचे उत्तर असे की तो आईला आणि बायकोलाही ‘व्हू’च म्हणतो. इंग्रजी सबटायटलमधल्या एकाच सर्वनामात हा भेद उरत नाही. मराठी विद्यार्थी रोज तू, तुम्ही, आपण यांतून निवड करतो. त्याला हे दृश्य थेट भिडते, आणि आपण त्याला इंग्रजीच्या वळणाने नेतो.

ही भाषा जुनी झाली, हा आक्षेप अंशतः खरा आहे. सैनिकी बोलीतले काही शब्द आज कोणी वापरत नाही, ते सोडून द्यावेत. पण ‘त्यू’ की ‘व्हू’ हा पेच आणि बोलण्यातला नकार आजही तसेच आहेत. दुसरा आक्षेप वेळेचा. देल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी आणि अकरावी-बारावीच्या गुणांचा दबाव आम्ही कमी लेखत नाही. मात्र चार मिनिटांचा प्रसंग एका तासिकेत सहज बसतो, आणि श्रवणाच्या परीक्षेला लागणारा कानाचा सराव त्यातच होतो. नवख्यांना सगळे समजणार नाही हे खरे; त्यांना एवढेच विचारावे की कोण कोणाला ‘त्यू’ म्हणतो.

येत्या सत्रात एक प्रसंग निवडा. आधी आवाज बंद ठेवून, मग सबटायटलशिवाय दोनदा दाखवा, आणि विद्यार्थ्यांनी काय ऐकले ते आम्हाला लिहून कळवा.