आधी ग्रीस, मग अपग्रेड

जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन ‘अपग्रेड’ करायला निघालेल्या माझ्याच वयाच्या लोकांशी मला भांडायचंय. हा मूर्खपणा मी स्वतःच्या पैशांनी करून बसलोय, त्यामुळे भांडायचा थोडा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

गाडी आहे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी घेतलेली, बाबांनी सांभाळलेली आणि गेली पाच वर्षं माझ्या हातात असलेली. आठवड्यातले तीन दिवस कोथरूड ते हिंजवडी, उरलेले दिवस भाजी, बँक, आईचा दवाखाना. ती शोकेसमधली गाडी नाही. ती पावसात भिजते, ट्रॅफिकमध्ये तापते आणि सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर कण्हते.

या कण्हण्यावरूनच सगळं सुरू झालं. खड्ड्यात चाक गेलं की पुढून ‘खट्ट’ आवाज यायचा. वळणावर गाडी झुकायची. साठच्या वर वेग गेला की स्टिअरिंग हातात तरंगल्यासारखं वाटायचं. मी इंजिनिअर माणूस. रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले आणि निष्कर्ष काढला की डिझाइनच जुनं आहे. उपाय तीन दिसले: स्प्रिंग कापून गाडी खाली आणायची, महागडे कडक शॉकअप टाकायचे, किंवा सगळंच उपटून दुसऱ्या गाडीचे स्ट्रट बसवायचे. तिसऱ्याचं कोटेशन ऐकून घाम फुटला म्हणून पहिल्यावर आलो. एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा गॅस कटरनं उडवला. गाडी दिसायला झकास झाली. फोटोला लाइकही भरपूर आले.

जुलैमध्ये बाणेरजवळ बायपासवर, भर पावसात, डावं चाक डांबराच्या एका उसवलेल्या ठिगळावरून गेलं आणि स्टिअरिंग मी जराही न फिरवता गाडी उजवीकडे सरकली. शेजारून बस चालली होती. आई माझ्या बाजूला बसली होती. काही झालं नाही. पण घरी पोचेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

हे का झालं, ते सांगतो. व्हिडिओवाले सांगत नाहीत म्हणून.

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. त्या घराण्यातली ११००/१०३ ही गाडी १९५३ची. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९६४पासून ११००डी बनवली आणि १९७४मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. मागे पाटे आहेत, बैलगाडीच्या काळातले म्हणून हसा हवं तर. पण पुढे प्रत्येक चाक स्वतंत्र आहे. वर एक आणि खाली एक असे दोन विशबोन, कॉइल स्प्रिंग आणि टेलिस्कोपिक शॉकअप. डबल विशबोन! आज एखाद्या गाडीच्या जाहिरातीत हा शब्द आला तर आपण दोन लाख जास्त मोजायला तयार होतो. आजोबांच्या गाडीत तो आधीपासून आहे, आणि आपण तो कापून त्याजागी स्वस्तातल्या छोट्या गाड्यांचे स्ट्रट लावायला निघालोय. स्ट्रट वाईट नसतात. ते कमी जागेत आणि कमी खर्चात बसतात, म्हणून छोट्या गाड्यांमध्ये असतात. त्याला ‘अपग्रेड’ म्हणायचं कारण एवढंच की ते नवीन आहेत.

आता कापलेल्या स्प्रिंगचं गणित बघू. ते बारावीच्या पलीकडचं नाही. स्प्रिंगचा कडकपणा कार्यरत वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा आठ वेढे आहेत आणि एक कापला, तर कडकपणा ८/७ पट, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी वाढला. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी जिरवण्याचं. स्प्रिंग कडक झाली आणि शॉकअप तोच राहिला, तर तो आता कमी पडतो. वरून गाडी खाली आल्यामुळे चाकाला वर जायला जागाही कमी उरली. मोठा खड्डा आला की सस्पेन्शन सरळ बंप स्टॉपवर आदळतं. म्हणजे गाडी कडक झाली, ती आदळते आणि शिवाय उसळतेही. गॅस कटरच्या उष्णतेनं त्या टोकाच्या पोलादाचा कस गेला आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसेनासं झालं, हे वेगळंच.

खरा धोका मात्र भूमितीत आहे. चाक वरखाली होतं तेव्हा विशबोन त्याला एका कमानीत फिरवतात. स्टिअरिंगचा टायरॉड स्वतःच्या वेगळ्या कमानीत फिरतो. मूळ उंचीवर या दोन कमानी एकमेकींशी जुळाव्यात अशी रचना डिझाइनरनं केलेली असते. गाडी खाली आणली की दोन्ही कमानींचा आपण वापरतो तो भाग बदलतो आणि त्या जुळेनाशा होतात. मग चाक खड्ड्यात गेलं की ते आपोआप थोडं वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. बाणेरला स्टिअरिंग मी फिरवलं नव्हतं, खड्ड्यानं फिरवलं होतं. आणि गाडी खाली आणली की ती कमी झुकेल हा समजही डोळे झाकून घेऊ नये. विशबोनच्या गाडीत गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून जास्त रोल सेंटर खाली घसरू शकतं. दोघांमधलं अंतर वाढलं की झुकवणारा जोर वाढतो.

पण हा झाला अर्धा किस्सा. उरलेला अर्धा जास्त लाजिरवाणा आहे.

बाबांनी मला नाना पेठेतल्या त्यांच्या जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. मी पंधरा मिनिटं बंप स्टिअर, डॅम्पिंग रेशो वगैरे ऐकवलं. त्यांनी जॅक लावला, चाक उचललं आणि म्हणाले, “बस खाली आणि बघ.” मग घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात ठेवून चाक हलवलं. टकटक. मला म्हणाले, “आता आत बसून ब्रेक दाब.” परत हलवलं. परत टकटक. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला असता तर दोष बेअरिंगचा. राहिला, म्हणजे किंगपिनचा. मग नऊ आणि तीनच्या जागी हात ठेवले. टायरॉड एंडही ढिला निघाला. दहा मिनिटांत, एकही उपकरण न लावता निदान झालं.

“ग्रीस कधी मारलं होतंस?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच वर्षांत मी गाडीला नवीन स्टिरिओ लावला, सीटकव्हर शिवले, एलईडी दिवे लावले. किंगपिनच्या ग्रीस निपलवर ग्रीसगन एकदाही धरली नव्हती. आजोबा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती धरायचे आणि तारीख कॅलेंडरवर लिहायचे. लहानपणी मला वाटायचं, म्हाताऱ्यांना उद्योग नाहीत. म्हणजे ‘डिझाइन जुनं आहे’ या माझ्या निष्कर्षाचा सरळ अर्थ असा होता की मी गाडीची निगा राखली नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: जुनी गाडी रोज वापरणाऱ्यानं पुढच्या सस्पेन्शनचा पहिला पैसा मूळ रचना पुन्हा ठाकठीक करण्यावर घालवावा. त्यानंतर काही कमी वाटलंच तर अपग्रेडचा विचार करावा. बहुतेकांना तो करावा लागणार नाही.

क्रमही ठरलेला आहे. आधी टायर आणि हवा; सहा-सात वर्षांचं वाळकं रबर असेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग खेळ तपासणं: बेअरिंग, किंगपिन, टायरॉड. किंगपिनचे नवे बुश बसवले की रीमर वरच्या-खालच्या बुशमधून एका रेषेत फिरला पाहिजे, नाहीतर नवा किंगपिनही अडकतो. मग विशबोनचे रबरी बुश. इथे एक गोष्ट कितीतरी गॅरेजवाले चुकवतात. गाडी जॅकवर लटकलेली असताना या बुशचे बोल्ट आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर, गाडीचं पूर्ण वजन त्यांच्यावर, आणि मग आवळायचं. नाहीतर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर मूळ लांबीचे चांगले शॉकअप. आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. ढिल्या किंगपिनवर अलाइनमेंट करणं म्हणजे हलत्या माणसाचं माप घेऊन कपडे शिवणं.

मी हे सगळं केलं. मूळ स्प्रिंगची जोडी शोधायला दोन महिने गेले. एकूण खर्च स्ट्रट किटच्या कोटेशनच्या पाचव्या भागाहून कमी आला. ‘खट्ट’ गेला. तरंगणं गेलं. गाडी वळणावर अजून थोडी झुकते, कारण ती १९५३च्या घराण्यातली कुटुंबवत्सल गाडी आहे. तिनं झुकावं. मी हळू वळावं.

आता समोरच्यांचं म्हणणं. त्यातले दोन मुद्दे मला खरंच विचार करायला लावतात.

पहिला: “पार्ट मिळत नाहीत. स्ट्रट प्रत्येक तालुक्यात मिळतात.” हे अर्धं खरं आहे, आणि दिवसेंदिवस जास्त खरं होतंय. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर या पार्टना रोजचं गिऱ्हाईक होतं. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. त्या टॅक्स्यांनी मुंबईचे खड्डे, चार माणसं आणि टपावरचं सामान यांच्यासकट अनेक दशकं याच विशबोनवर काढली, हे ‘डिझाइन कमकुवत आहे’ म्हणणाऱ्यांनी विसरू नये. पण बघा, किंगपिनचा बुश ही काशाची एक नळी आहे. लेथ असलेला कुठलाही कारागीर ती बनवून देऊ शकतो. उलट तुमच्या गाडीत एका गॅरेजनं स्वतःच्या डोक्यानं वेल्ड केलेला टॉवर, तिसऱ्याच गाडीचा स्ट्रट आणि चौथ्या गाडीचा टायरॉड असेल, तर तो पार्ट जगात कुठेच मिळत नाही. ते गॅरेज बंद झालं की ती गाडी कशी जोडली होती हे कुणालाच माहीत नसतं. आमच्या धंद्यात असा कोड रोज दिसतो. लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो, कागद काही नसतात आणि हात लावायची कुणाची छाती नसते. ऑफिसात ज्याला आपण शिव्या घालतो, तेच घरी पैसे देऊन का करवून घ्यायचं?

शिवाय ही बॉडी मोनोकॉक आहे. विशबोनचा भार एका जागी येतो, स्ट्रटचा बराचसा वरच्या टोकाशी. ज्या पत्र्यानं पस्तीस पावसाळे खाल्लेत, त्याला जो भार कधी पेलायचाच नव्हता तो पेलायला लावणार? आणि कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी नोंदणी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कलम कडक अर्थानंच वाचलं. बॉडी कापून टॉवर वेल्ड करणं कोणत्या बाजूला पडतं हे कळायला वकील लागत नाही. माझ्या गाडीची पुढची फेरनोंदणी २०२८ला आहे. तेव्हा तपासनिसासमोर मला लपवण्यासारखं काही नकोय.

दुसरा मुद्दा: “मग सुधारणा करायचीच नाही का? पूजा करायची?” नाही. मूळ क्रॉसप्लायऐवजी योग्य मापाचे रेडियल टायर ही सुधारणाच आहे आणि ती मी केली. चांगले शॉकअप ही सुधारणा आहे. पण पॉलियुरेथेन बुश, रुंद चाकं, स्पेसर यांच्याबाबत एकच प्रश्न विचारा: हे ट्रॅकसाठी आहे की वाकडच्या सर्व्हिस रोडसाठी? कडक बुश खड्ड्याचा धक्का थेट बॉडीत पाठवतात. स्पेसरनं चाक बाहेर सरकलं की बेअरिंग आणि किंगपिनवरचा तरफेचा जोर वाढतो. आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला वळणावर जास्त वेग घ्यायची सवय लावण्याआधी, ती थांबते किती अंतरात, ते एकदा रिकाम्या रस्त्यावर मोजून बघा.

ज्यांना गाडी फक्त फोटोसाठी हवीय, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ‘डेली ड्रायव्हर’ म्हणवून घ्यायचं असेल, तर त्यात रोज हा शब्द आहे. रोज आई बसणार, रोज पाऊस असणार, रोज शेजारून बस जाणार. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण मग त्या नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. माझी पद्मिनी २०३८ला पन्नास वर्षांची होईल. तोवर तिनं चालावं एवढीच माझी अपेक्षा आहे.

मिस्त्रींनी पैसे घेताना एक गोष्ट सांगितली: किंगपिनचं काम त्यांच्याकडे या वर्षात फक्त तिसऱ्यांदा आलं होतं. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. म्हणून पुढच्या वेळी कोटेशन मागायच्या आधी गाडी अशा एखाद्या माणसाकडे न्या, जॅक लावायला सांगा आणि स्वतः खाली बसून बघा. ग्रीसगन घरी आणा. मी आणलीय. महिन्याचा पहिला रविवार परवा आहे, आणि कॅलेंडर आजोबांच्याच खिळ्यावर टांगलंय.