आपला माणूस उचलला की

८ जुलै २०२५ च्या पहाटे मीरा-भाईंदरमध्ये पोलिसांनी मोर्चा निघायच्या आधीच मोर्चेकरी उचलायला सुरुवात केली. मोर्चा मराठीसाठी होता. पाच दिवस आधी व्यापाऱ्यांचा मोर्चा निघू शकला होता, हा मात्र अडवला. मी जेसल पार्कात राहतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एरवी पार्किंग आणि पाण्याचा टँकर सोडून विषय नसतो. त्या दिवशी तिथे थेट संविधान अवतरलं. ‘ही लोकशाही आहे की हुकूमशाही?’ ‘गुन्हा केलेला नसताना घरातून माणूस कसा उचलता?’

प्रश्न शंभर टक्के बरोबर होते. मीरा रोडच्या मिठाईवाल्याला ज्यांनी मारलं त्यांची बाजू मला अजिबात घ्यायची नाही. त्यांच्यावर गुन्हे नोंदवा, खटले चालवा. पण मोर्चाला निघालेल्या माणसाने अजून काहीच केलेलं नव्हतं. तो काहीतरी करेल असं पोलिसांना वाटलं, एवढंच. ‘वाटलं’ म्हणून वॉरंटशिवाय अटक करण्याचा हा अधिकार इंग्रजांच्या काळापासून चालत आलाय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १७० मध्ये आहे, चोवीस तासांच्या मर्यादेसह. चोवीस तास पुरतात. मोर्चा तोवर संपलेला असतो.

तो मोर्चा दुपारी शेवटी निघालाच. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्तांची बदली झाली. ग्रुपवर जल्लोष झाला आणि टँकर परत आला.

आता दीड वर्ष मागे या. २१ जानेवारी २०२४, राममंदिराच्या प्राणप्रतिष्ठेची आदली रात्र. मीरा रोडच्या नया नगरमध्ये झेंडे लावलेल्या गाड्यांवर हल्ला झाला. हल्ला करणाऱ्यांना पकडायलाच हवं होतं, आणि अटकाही झाल्या. पण २३ तारखेला महापालिकेचे बुलडोझर त्याच वस्तीत शिरले आणि दुकानांचे वाढवलेले भाग, शेड पाडले. अनधिकृत होते म्हणे. असतील. आमच्या स्टेशनपासून चौपाटीपर्यंत चालत या, फूटपाथवर आलेली दुकानं मोजून बोटं संपतील. ती आजही उभी आहेत. मग नया नगरमधलीच, आणि दंगलीनंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आतच का दिसली? जे पाडलं त्याच्या मालकाने दगड मारला होता की नाही, हे कुठल्या न्यायालयाने ठरवलं होतं?

एक स्टेशन पलीकडे हे घडत होतं आणि आमच्या ग्रुपवर बुलडोझरचे व्हिडिओ फिरत होते, खाली टाळ्यांचे इमोजी. ‘गुन्हा सिद्ध झाला का?’ असं कोणीही विचारलं नाही. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपी आहे म्हणून, अगदी दोषी ठरला तरी, शिक्षा म्हणून घर पाडता येणार नाही. पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल. रस्त्यावरच्या अतिक्रमणांना ही नोटीस लागू नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे उद्या वापरायला पळवाट शिल्लक आहेच.

माझं काम सॉफ्टवेअरचं. प्रॉडक्शनच्या डेटाबेसचा ॲक्सेस कोणाला द्यायचा यावरून आमच्याकडे वाद होतात. ‘तो चांगला मुलगा आहे, काही बिघडवणार नाही’ हे तिथे उत्तर मानत नाहीत. लॉग कोण तपासणार, ॲक्सेस काढून कोण घेणार, हे आधी ठरतं. सरकारला ॲक्सेस देताना मात्र आपण ‘आपल्यावर थोडीच वापरणार’ यावर सही करतो.

अशी सही ८ जुलैनंतर बरोबर दोन दिवसांनी झाली. १० जुलैला विधानसभेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं. कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे, गैरवापर होणार नाही, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. पण एखादी संघटना बेकायदा आहे हे आधी सरकारच जाहीर करणार. सल्लागार मंडळ त्यानंतर. शिक्षा सात वर्षांपर्यंत. आणि बेकायदा कृत्याच्या व्याख्येत कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं हेही येतं. हे वाचताना मला भाईंदरची मिठागरं आठवतात. १९३० साली मीठ उचलणं हीच अवज्ञा होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी फ्लोरा फाउंटनला जमलेल्यांनी जमावबंदीच मोडली होती. आणि पोलिसांनी नाकारलेल्या मार्गावरून मराठीचा मोर्चा काढा असं सांगणारा तुमचा व्हॉट्सॲप मेसेज? तो प्रोत्साहनात बसतो की नाही, हे मेसेज पाठवण्याआधी कोणाला विचारणार?

‘हे सगळं याच सरकारचं’ म्हणणाऱ्यांनी पालघर आठवावं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीने लाइक केलं, दोघींना अटक झाली. राज्यात आणि केंद्रात काँग्रेसच्या आघाड्या होत्या. वापरलेलं ६६अ हे कलमही त्यांच्याच काळातलं. ते रद्द व्हायला मार्च २०१५ उजाडला. तेव्हाही कलम आणताना सायबर गुन्हेगारांची भीती दाखवली होती, लाइक करणाऱ्या मुलीची नाही.

विधानसभेत जनसुरक्षा विधेयकाला ठाम विरोध नोंदवणारे आमदार एकच, माकपचे विनोद निकोले, आपल्याच रेल्वेमार्गावरच्या डहाणूचे. मीरा रोडच्या मोर्चात उतरलेल्या उद्धव ठाकरेंच्या पक्षाचे आमदार त्याच सभागृहात होते. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, तोवर खालच्या सभागृहातलं काम झालेलं होतं. दोन दिवसांपूर्वी हुकूमशाही ओळखलेल्या आमच्या ग्रुपवर १० जुलैला या विधेयकाबद्दल एक ओळ आली नाही. मी बातमीची लिंक टाकली. एकाने विचारलं, ‘हे नक्षलवाद्यांसाठी आहे ना? मग आपल्याला काय?’ त्याच्या डीपीवर अजून ८ जुलैच्या मोर्चाचा फोटो होता.