पकड वॉरंटावर पळ हा उपाय नव्हे

खेड्यापाड्यांतून एक वाक्य नेहमी कानी पडते : ‘त्याच्या नावाचे पकड वॉरंट निघाले आहे.’ बोलणारा आवाज खाली आणतो, ऐकणारा इकडेतिकडे पाहतो, आणि ज्याच्याविषयी हे बोलले जाते तो त्या दिवसापासून स्वतःच्याच घरात परका होतो. बाजाराच्या दिवशी तो बाजारात जात नाही, रात्री घरी निजत नाही, पोरीच्या लग्नातही मांडवाच्या कडेला उभा राहतो. एका कागदाने त्याचे नागरिकत्व जणू गोठवून टाकलेले असते. वडगाव निंबाळकरच्या पंचक्रोशीत, नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभ्या असलेल्या उसाच्या शेतांत राबणारी आमची किती माणसे अशा भीतीत दिवस काढीत असतील, याचा विचार समाजाने केला पाहिजे.

हे वॉरंट बहुधा कोणत्या अपराधापोटी निघते? दरोडेखोर आणि खुनी यांची गोष्ट आम्ही येथे करीत नाही. बांधावरून झालेली मारामारी, दारूबंदीचा खटला, न वटलेला धनादेश, पोटगीची थकलेली रक्कम, मोर्चात सामील झाल्याबद्दलचा गुन्हा, अशी ही प्रकरणे असतात. त्यात माणसाला जामीन मिळालेला असतो. पुढे बारामतीच्या किंवा इंदापूरच्या न्यायालयात तारखा पडू लागतात. एक तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे. सकाळी जावे, पुकाऱ्याची वाट पाहत व्हरांड्यात बसावे, आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परतावे. मग साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो, माणूस तोडीवर जातो, समन्स जुन्या पत्त्यावर येऊन परत जाते आणि एक तारीख चुकते. गुन्हा शाबीत होण्याच्या कितीतरी आधी गैरहजेरीच त्याला फरारी ठरवते.

मोर्चाच्या खटल्यांविषयी येथे विशेष इशारा दिला पाहिजे. भीमा कोरेगावच्या घटनेनंतर जानेवारी 2018 मध्ये जे आंदोलन झाले, त्यातील बरेच खटले मागे घेण्यात आल्याचे सरकारने 2020 मध्ये जाहीर केले. परंतु मंत्र्याच्या घोषणेने खटला मिटत नसतो. सरकारी वकिलाने न्यायालयात तसा अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने त्यास संमती द्यावी लागते. ती संमती रोजनाम्यावर नोंदली जाईपर्यंत खटला जिवंत असतो. वर्तमानपत्रातील मथळा वाचून ज्या तरुणाने तारखेला जाणे सोडले असेल, त्याने आपल्या खटल्याचे काय झाले याची खात्री आजच करून घ्यावी.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 72 अन्वये वॉरंट लेखी असले पाहिजे, त्यावर न्यायाधीशाची सही व न्यायालयाची मोहोर असली पाहिजे, आणि ते बजावले जाईपर्यंत किंवा काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करेपर्यंत अमलात राहते. शेवटचे शब्द पुन्हा वाचा. वॉरंट जुने झाले म्हणून मरत नाही. पाच वर्षे पोलीस आले नाहीत म्हणून ते विसरले गेले, असे समजणे ही आत्मवंचना होय. निवडणूक जवळ आली की साचलेली अजामीनपात्र वॉरंटे बजावण्याचे हुकूम सुटतात, आणि मग नेमका सुट्टीच्या तोंडावर दार वाजते.

पळण्याने प्रकरण वाढते ते असे. न्यायालय कलम 84 अन्वये फरारी इसमाविरुद्ध जाहीरनामा काढू शकते आणि पुढे मालमत्ता जप्त करू शकते. जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय हजर न राहणे हा स्वतंत्र अपराध असून त्यास एक वर्षापर्यंत कैद आहे. ज्या चुलत्याने किंवा मेव्हण्याने आपला सातबारा पुढे करून जामीन दिला, त्याच्यावर जामिनाची रक्कम भरण्याची पाळी येते. पाचशे रुपये दंडाचा मूळ खटला एका घराचे कंबरडे मोडून जातो.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे शोध. खटल्याचा क्रमांक, न्यायालयाचे नाव व पुढील तारीख न्यायालयाच्या कचेरीत मिळते. ‘ई-कोर्ट’ या सरकारी व्यवस्थेवर पक्षकाराच्या नावावरून किंवा खटल्याच्या सोळा अक्षरी क्रमांकावरूनही शोध घेता येतो. मात्र येथे आमच्या समाजाची एक खास अडचण आहे. धम्मदीक्षेनंतर अनेकांनी नावे व आडनावे बदलली. दप्तरात मात्र जुनेच नाव राहिले, आणि तेही रोमन लिपीत, लिहिणाऱ्या कारकुनाच्या मर्जीप्रमाणे. म्हणून शोध जुन्या व नव्या दोन्ही नावांनी घ्यावा, स्पेलिंग पालटून घ्यावा. वडिलांचे नाव आणि गाव ताडून पाहावे, कारण एकाच नावाची चार माणसे एका गावात असतात आणि दुसऱ्याच्या वॉरंटात तिसरा पकडला जाऊ शकतो.

दुसरा उपाय म्हणजे पोलीस येण्याआधी स्वतः होऊन हजर होणे. वकिलासह सकाळीच न्यायालयात जावे, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा, गैरहजेरीचे खरे कारण सांगावे आणि दवाखान्याचे वा कामाचे कागद असतील ते जोडावेत. न्यायालय दंड करील, नवा जामीन मागेल. क्वचित अर्ज नाकारून कोठडीतही पाठवील. हे आम्ही लपवून ठेवीत नाही. पण स्वतःच्या पायांनी आलेला माणूस आणि बेड्यांत आणलेला माणूस यांत न्यायाधीशही फरक करतो. पुढे एखाद्या तारखेस जाणे खरोखरच अशक्य असेल, तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यावा.

तिसरी गोष्ट अशी की, वॉरंट रद्द झाल्यावर त्या हुकुमाची प्रमाणित नक्कल घ्यावी, जवळ बाळगावी आणि ती पोलीस ठाण्यात पोहोचली याची खात्री करावी. मुंबईच्या एका वकिलाच्या नावे निघालेले अजामीनपात्र वॉरंट न्यायालयाने रद्द केले होते. तरीही 15 ऑगस्ट 2002 रोजी, ऐन स्वातंत्र्यदिनी, त्याच वॉरंटावर त्यांना अटक झाली. उच्च न्यायालयाने दोन हजार रुपयांची भरपाई दिली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि रघुवंश देवानचंद भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2011 च्या निकालात वॉरंटांची नोंदवही ठेवण्याविषयी व रद्द झालेले वॉरंट तात्काळ परत मागविण्याविषयी निर्देश दिले गेले. कायदा जाणणाऱ्या वकिलाची ही गत, तर उसाच्या फडातील मजुराची काय असेल!

वकिलाला पैसे कोठून आणावेत, असे कोणी विचारील. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक व कोठडीतील माणूस यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेलेही यात येतात. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा, किंवा 15100 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही भीक नाही, हा हक्क आहे.

न्यायालये आणि पोलीस यांनाही आम्ही दोन शब्द ऐकवू इच्छितो. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि शेवटी अजामीनपात्र वॉरंट, हा क्रम सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये इंदर मोहन गोस्वामी यांच्या खटल्यात घालून दिला आहे. तो गरिबाच्या बाबतीतही पाळला जावा. भूमिहीनाकडे जामिनासाठी सातबारा मागणे म्हणजे त्याच्या भूमिहीनतेबद्दल त्याला तुरुंगात धाडणे होय. आणि वॉरंट बजावताना माणूस कोठल्या वस्तीतला आहे हे पाहून हात उगारला जाऊ नये.

आमच्या लोकांच्या मनात पोलिसाची जी धास्ती आहे, तिला इतिहास आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातींच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या, आणि त्यातून त्यांची मुक्तता 31 ऑगस्ट 1952 रोजी झाली. हजेरी चुकली की अटक, हा अनुभव पिढ्यानपिढ्यांचा आहे. परंतु याच धास्तीवर उतारा म्हणून बाबासाहेबांनी 15 सप्टेंबर 1949 रोजी घटना समितीत ते कलम मांडले, जे आज संविधानाचे अनुच्छेद 22 आहे. अटकेचे कारण कळण्याचा, वकील देण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे जाण्याचा अधिकार त्यांनी साध्या कायद्याच्या पुस्तकातून उचलून मूलभूत हक्कांच्या पंक्तीत नेऊन बसविला. त्याच तत्त्वानुसार संहितेची कलमे 77 व 78 सांगतात की, वॉरंटाचा मजकूर तुम्हांस सांगितला पाहिजे, तुम्ही मागितल्यास ते दाखविले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांत न्यायालयापुढे नेले पाहिजे. शिपाई दारी आला तर हुज्जत घालू नका, धावू नका. वॉरंट वाचावयास मागा.

विनयपिटकाच्या महावग्गात ‘लिखितक चोरा’ची गोष्ट आहे. ज्याच्या नावाने राजवाड्यात लेख लिहिला गेला होता, असा माणूस संघात येऊन प्रव्रजित झाला होता. पुढे अशास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम भगवान बुद्धांनी घातला. चीवर हे लपण्याचे वस्त्र नव्हे, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो. धम्म माणसाला तोंड लपविण्यास शिकवीत नाही. केल्या कर्माला आणि न केलेल्या आरोपालाही ताठ मानेने सामोरे जाण्यास शिकवितो.

म्हणून प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार या कामासाठी राखून ठेवावा. शिकलेल्या दोन तरुणांनी, आणि त्यांतील एक मुलगी असावी, वस्तीतील खटल्यांच्या तारखा एका वहीत लिहून काढाव्यात, नावे शोधून द्यावीत, अर्ज लिहून द्यावेत आणि भिणाऱ्याच्या सोबत बारामतीच्या एसटीत बसावे. वंदना झाल्यावर तासभर हे काम केले, तर कितीतरी माणसे पुन्हा स्वतःच्या घरात निश्चिंत निजू लागतील.

जय भीम!