आधी बँकेने घराबाहेर काढलं, आता भाडं काढतंय: स्पेनमध्ये एवढे कायदे होऊनही घरं का मिळत नाहीत?

६ जुलै २०२४ ला बार्सिलोनात मोर्चा निघाला आणि मोर्चेकऱ्यांनी हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पिचकारीने पाणी उडवलं. ते व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. पण राग पर्यटकांपेक्षा घरभाड्यावर जास्त होता. खुद्द शहराच्या महापौरांनीच सांगितलेला आकडा असा, की दहा वर्षांत तिथली भाडी ६८ टक्क्यांनी वाढली.

हे समजून घ्यायला २००८ च्या मागे जावं लागतं.

तेव्हा स्पेनमध्ये घरं बांधण्याचा सपाटा लागला होता. एकट्या २००६ मध्ये आठ लाखांहून जास्त घरांना परवानगी मिळाली. बँका सढळ हाताने कर्ज देत होत्या. मग मंदी आली. २०१३ पर्यंत बेकारी २६ टक्क्यांच्या वर गेली, हप्ते थकले आणि जप्त्या सुरू झाल्या.

खरी मेख कायद्यात होती. बँकेने घर घेतलं तरी कर्ज संपत नव्हतं. लिलावात कोणी बोली लावली नाही, तर बँक ते घर ठरलेल्या किमतीपेक्षा बऱ्याच कमी भावात स्वतःच घ्यायची. उरलेली रक्कम, व्याज आणि कोर्टाचा खर्च कर्जदाराच्या डोक्यावर. म्हणजे घर गेलं आणि कर्ज राहिलं. (आपल्याकडेही सरफेसी कायद्याखाली लिलावात पैसे कमी आले, तर बँक उरलेली रक्कम वसूल करू शकते.)

२००९ मध्ये बार्सिलोनात कर्जदारांची 'पाह' ही संघटना उभी राहिली. पोलीस घर खाली करायला आले, की कार्यकर्ते दारात ठिय्या द्यायचे. घर परत केलं की कर्ज मिटावं, या मागणीसाठी १४ लाख सह्या गोळा झाल्या. ती मागणी सरसकट मान्य झाली नाही. पाहच्या नेत्या आदा कोलाऊ मात्र २०१५ मध्ये थेट बार्सिलोनाच्या महापौर झाल्या.

सरकारने काय केलं? २०१२ च्या शेवटी अगदी अडचणीतल्या कुटुंबांना घराबाहेर काढायला दोन वर्षांची स्थगिती दिली. त्या दोन वर्षांना मुदतवाढ मिळत मिळत गाडी २०२८ पर्यंत आली आहे. पण स्थगितीने कर्ज माफ होत नाही, फक्त पोलीस दारात येत नाहीत.

आता २०१३ चं साल बघा, कारण आजच्या भाडेवाढीची बरीच मुळं तिथे आहेत. त्या वर्षी केंद्र सरकारने भाडेकरूला मिळणारं संरक्षण पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आणलं. पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना देणारा 'गोल्डन व्हिसा' सुरू केला. आणि माद्रिद महापालिकेने आपली १,८६० सरकारी घरं ब्लॅकस्टोन या अमेरिकन गुंतवणूक कंपनीच्या उपकंपनीला विकून टाकली. आत भाडेकरू राहत असताना. लोक बँकेमुळे बेघर होऊन भाड्याच्या घराकडे वळत होते आणि त्याच वेळी सरकार भाड्याची घरं विकत होतं.

पुढे यातलं बरंचसं उलटवावं लागलं. पाच वर्षांचं संरक्षण २०१९ मध्ये परत आलं, गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. पण तोवर प्रश्नाचं रूपच बदललं होतं. २०२४ मध्ये कोर्टामार्फत खाली करून घेतलेल्या दर चार घरांपैकी साधारण तीन भाड्याची होती.

२०२३ मध्ये नवा गृहनिर्माण कायदा आला. जिथे भाडी फार वाढली आहेत, तो भाग 'तणावग्रस्त' जाहीर करून तिथे भाड्यावर मर्यादा घालता येते. पण तसं जाहीर करायचं की नाही, हे प्रांतांच्या हातात. कॅटालोनियाने मार्च २०२४ मध्ये १४० गावा-शहरांत मर्यादा लागू केली, तर विरोधी पक्षाचं सरकार असलेल्या माद्रिद प्रांताने साफ नकार दिला.

बार्सिलोनात भाडी थोडी खाली आलीही. पण सोबत नेहमीचे करार कमी झाले आणि 'हंगामी' करार वाढले. वर्षाच्या आतल्या हंगामी कराराला ही मर्यादा लागत नव्हती, म्हणून घरमालकांनी अकरा महिन्यांचे करार काढले. अकरा महिन्यांचा करार म्हणजे काय, हे मुंबई-पुण्यात भाड्याने राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आता बार्सिलोना महापालिका १०,१०१ पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर नव्याने देणार नाही. निर्णय ठीकच आहे, पण त्यातला प्रत्येक फ्लॅट स्थानिक भाडेकरूलाच मिळेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

माझ्या मते खरी अडचण अशी, की सरकारकडे नियम खूप आहेत आणि स्वतःची घरं फार थोडी. स्पेनमध्ये सरकारी किंवा सामाजिक भाड्याची घरं एकूण घरांच्या तीन टक्क्यांच्या आसपास आहेत, नेदरलँड्समध्ये हेच प्रमाण पाव हिश्श्याहून जास्त. स्पेनने अनुदान देऊन स्वस्त घरं बांधली नाहीत असं नाही, लाखोंनी बांधली. पण ती विकायला बांधली. ठरावीक वर्षं सरली की बंधन सुटायचं आणि घर बाजारभावाने विकायला मोकळं.

'मग रिकामी घरं द्या की' असंही म्हटलं जातं. २०२१ च्या जनगणनेत ३८ लाख रिकामी घरं निघाली खरी, पण त्यातली निम्म्याच्या जवळपास दहा हजारांहून कमी वस्तीच्या गावांत आहेत. नोकऱ्या माद्रिद-बार्सिलोनात आहेत.

२०२५ मध्ये सरकारने 'सरेब'कडची सुमारे ४० हजार घरं नव्या सरकारी गृहनिर्माण कंपनीकडे द्यायचं ठरवलं. सरेब म्हणजे २०१२ मध्ये बँकांची बुडीत कर्जं आणि त्यापोटी आलेली मालमत्ता घेण्यासाठी काढलेली कंपनी. तिने मधली बारा-तेरा वर्षं घरं विकण्यातच घालवली, आता जी उरली आहेत त्यांच्यावर भिस्त आहे.