पन्नास शहरांत पडघा नाही

सांडपाण्यावरची पाळत पाच शहरांवरून पन्नास शहरांत नेऊन दहा विषाणू शोधायचे, या आयसीएमआरच्या निर्णयाचे कौतुक करायला आमची ना नाही. मुंबईच्या गटारांत पोलिओचा विषाणू हुडकण्याचे काम 2001 पासून चालू आहे. पण शहर कशाला म्हणायचे, हे एकदा भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याच्या नाक्यावर उभे राहून ठरवा. नाशिक महामार्गालगत गोदामे, त्यांच्यामागे भाड्याच्या खोल्या, आणि कागदावर ग्रामपंचायत! नमुना सहसा घेतात तो मैलाशुद्धी केंद्राच्या तोंडाशी. ज्या वस्तीचा मैला शोषखड्ड्यात नाहीतर ओढ्यात जातो, तिथे बाटली बुडवायची कुठे?

आणि फक्त विषाणूच का? मधुमेहावरचे मेटफॉर्मिन जवळपास जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. सांडपाण्यातल्या त्याच्या प्रमाणावरून वस्तीतला खप अजमावता येतो. प्लास्टिकमधली थॅलेट्स, बिस्फेनॉलही मोजता येतात. ही रसायने आणि गरोदरपणातली साखर यांचा संबंध जगभर तपासला जातो आहे. निष्कर्ष एकसारखे नाहीत, कबूल. एका बाटलीवरून एका बाईचे निदान होत नाही, तेही कबूल. म्हणून बाटलीच बुडवायची नाही? भिवंडीच्या रंगाई-सायझिंगचे पाणी पोटात घेणारी कामवारी नदी इतकी वर्षे डोळ्यांदेखत रंग बदलते, तिथे विषाणू हुडकण्याची ही चिकाटी दाखवली असती तर!

ही झाली गटाराच्या नोंदींची वही. दुसरी वही आरोग्य केंद्रात असते. महिन्याची नऊ तारीख, म्हणजे तपासणीचा दिवस, गरोदर बायकांची रांग. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचे आणि दोन तास बाकावर बसायचे. ते गोडमिट्ट पाणी अर्ध्या तासाच्या आत उलटून पडले, तर 'उद्या परत ये'. गोदामात रोजावर असलेल्या बाईला त्या 'उद्या'ची किंमत कळते, फर्मान काढणाऱ्याला नाही. रक्तातल्या साखरेचा आकडा 140 किंवा त्याच्या वर गेला की माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद होते. त्या नोंदीशेजारी तिच्या वस्तीच्या पाण्याचा एकही आकडा कोणी ठेवत नाही.

हे अज्ञान महाराष्ट्राला शोभत नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा मागोवा घेतला. आपली बाळे वजनाने हलकी पण चरबीने भरलेली जन्मतात, आईच्या ब जीवनसत्त्वांचा हिशेब मुलाच्या इन्सुलिनपर्यंत पोहोचतो, हे त्यातून जगाला कळले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 ला सुरू झालेल्या प्रयोगात पालेभाजी, फळे आणि दुधाचा खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून रोज दिला. गरोदरपणातला मधुमेह 12.4 टक्क्यांऐवजी 7.3 टक्के स्त्रियांत आढळला. खाऊने! एवढे जाणणाऱ्या राज्यात गटाराची वही एका खात्याकडे, गरोदरांची दुसऱ्याकडे, आणि पडघ्याच्या गटाराला तर वहीच नाही. दोन्ही वह्या एका टेबलावर ठेवायला कोणता परदेशी करार लागतो? जिल्हा परिषदेने ओढ्याच्या तोंडाशी महिन्याला एक नमुना घेतला, तरी सुरुवात होईल.

याच तालुक्यात पिसे बंधाऱ्यावर भातसेचे पाणी उचलून पांजरापूरला शुद्ध केले जाते. मुंबईच्या नळाला सुटण्याआधी त्याच्या तपासण्या होतात, आणि त्यात कसूर झालेली मुंबई खपवून घेणार नाही. पडघ्याच्या ओढ्यात काय वाहते, हे तिथल्या गरोदर बाईने कोणाला विचारायचे?